सोयाबीन, डाळी आणि वनस्पतिजन्य इस्ट्रोजेन

सोयाबीन हा प्रथिनांचा स्वस्त आणि उत्तम स्रोत आहे, हे आता नव्याने सांगण्याची आवश्यकता उरलेली नाही. तथापि, गेल्या तीन दशकांत सोयाबीनविषयी जी चर्चा झाली, ती प्रथिनांपेक्षा वेगळ्याच कारणाने. रजोनिवृत्तीच्या उंबरठ्यावरील स्त्रियांना सोयाबीनच्या अर्कापासून बनवलेल्या गोळ्या घेण्याचा सल्ला दिला जातो. स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या स्त्रियांना नेमका उलटा, सोयाबीनला हातही न लावण्याचा सल्ला मिळतो. व्यायामशाळेत जाणारे तरुण सोयाबीनमुळे पुरुषत्व कमी होते या भीतीने ते टाळतात. या परस्परविरोधी सल्ल्यांच्या मुळाशी एकच द्रव्यसमूह आहे. तो म्हणजे वनस्पतिजन्य इस्ट्रोजेन, अर्थात फायटोइस्ट्रोजेन.

ही द्रव्ये नेमकी कोणती, ती कोणत्या अन्नातून किती प्रमाणात मिळतात आणि त्यांच्यापासून होणाऱ्या लाभाबाबत आजवर काय सिद्ध झाले आहे, हे समजून घेतल्यास यातील बरेचसे गैरसमज दूर होऊ शकतात.

तीन प्रमुख गट

इस्ट्रोजेन हे स्त्रीच्या शरीरातील प्रमुख संप्रेरक. मासिक पाळी, गर्भधारणा, हाडांची बळकटी अशा अनेक गोष्टींवर त्याचे नियंत्रण असते. वनस्पतींमधील काही द्रव्यांच्या रेणूंची रचना या संप्रेरकाशी मिळतीजुळती असते. त्यामुळे मानवी शरीरात ती इस्ट्रोजेनसारखा, पण अत्यंत सौम्य परिणाम घडवू शकतात. म्हणूनच त्यांना वनस्पतिजन्य इस्ट्रोजेन म्हटले जाते. प्रत्यक्षात ती संप्रेरके नव्हेत.

त्यांचे तीन प्रमुख गट आहेत. पहिला आयसोफ्लेव्होन. जेनिस्टीन, डेडझीन आणि ग्लायसिटीन ही त्यातील मुख्य द्रव्ये असून सोयाबीन हा त्यांचा सर्वांत मोठा स्रोत आहे. दुसरा गट लिग्नानचा. जवस आणि तीळ यांत ती विपुल असतात. तृणधान्यांचा कोंडा, भाज्या आणि फळे यांतही ती थोड्याफार प्रमाणात आढळतात. तिसरा गट क्युमेस्टॅनचा. तो लसूणघासाचे कोंब आणि क्लोव्हर यांसारख्या वनस्पतींत असतो. मात्र आपल्या रोजच्या आहारात त्याचे प्रमाण नगण्य असते.

वनस्पती ही द्रव्ये माणसासाठी तयार करत नाहीत. शेंगावर्गीय पिकांच्या मुळांवर गाठी असतात आणि त्यांतील जिवाणू हवेतील नत्र पिकाला मिळवून देतात. सोयाबीनच्या मुळांतून पाझरणारी आयसोफ्लेव्होन ही या जिवाणूंना दिलेली रासायनिक साद असते. बुरशी आणि कीड यांच्यापासून संरक्षणासाठीही वनस्पती त्यांचा उपयोग करते. हवामान, पिकाचा वाण आणि जमीन यांनुसार दाण्यांतील त्यांचे प्रमाण बदलते, त्याचे कारण हेच.

मेंढ्यांच्या कळपातून प्रयोगशाळेत

जेनिस्टीन हे द्रव्य १८९९ मध्ये जेनिस्टा या रंगासाठी वापरल्या जाणाऱ्या युरोपीय झुडपापासून वेगळे करण्यात आले होते. नावही त्यावरूनच पडले. परंतु त्याचा संप्रेरकांशी काही संबंध असेल, अशी शंका तेव्हा कुणाला आली नव्हती.

ती शंका आली १९४० च्या दशकात, पश्चिम ऑस्ट्रेलियातील मेंढपाळांमुळे. तेथील कुरणांत क्लोव्हर या चाऱ्याची मोठ्या प्रमाणावर लागवड झाली होती. आपल्याकडील बरसीम हा घास याच जातकुळीतला. हा चारा खाणाऱ्या मेंढ्या गाभण राहिनाशा झाल्या आणि कोकरांची संख्या झपाट्याने घटली. १९४६ मध्ये या विकाराचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. पुढील संशोधनात या चाऱ्यातील फॉर्मोनोनेटिन हे आयसोफ्लेव्होन दोषी ठरले. मेंढीच्या पोटातील जिवाणू त्याचे रूपांतर इक्वॉल या अधिक प्रभावी द्रव्यात करत होते.

हे इक्वॉल १९३२ मध्येच गाभण घोडीच्या मूत्रात सापडले होते. १९८२ मध्ये ते मानवी मूत्रातही आढळले आणि सोयाबीन खाल्ल्यानंतर त्याचे प्रमाण वाढते, हे लक्षात आले. याच सुमारास आणखी एका निरीक्षणाने संशोधकांचे लक्ष वेधले. जपान आणि चीनमध्ये स्तनाचा कर्करोग पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत पुष्कळ कमी होता आणि तेथील लोकांच्या आहारात सोयाबीन पिढ्यान्‌पिढ्या होते. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध असावा, या कल्पनेतून संशोधनाचे एक नवे दालन उघडले.

शरीरात काय घडते?

संप्रेरक आणि पेशी यांचे नाते किल्ली आणि कुलूप यांच्यासारखे असते. पेशीतील ग्राही हे कुलूप आणि इस्ट्रोजेन ही त्याची किल्ली. वनस्पतिजन्य इस्ट्रोजेन ही या कुलपात बसणारी, पण ते पूर्णपणे न उघडणारी किल्ली म्हणता येईल. शरीरात स्वतःचे इस्ट्रोजेन भरपूर असेल, तर ही सौम्य किल्ली जागा अडवते आणि मूळ संप्रेरकाचा परिणाम काहीसा कमी करते. रजोनिवृत्तीनंतर शरीरातील इस्ट्रोजेन घटले, की हीच किल्ली थोडेफार काम भागवू शकते.

१९९६ पर्यंत इस्ट्रोजेनचा एकच ग्राही ठाऊक होता. त्या वर्षी स्वीडनमधील संशोधकांनी बीटा नावाचा दुसरा ग्राही शोधला. गर्भाशय आणि स्तन यांतील पेशींच्या वाढीला चालना देण्याचे काम मुख्यत्वे अल्फा या पहिल्या ग्राहीचे असते. सोयाबीनमधील जेनिस्टीन मात्र बीटा ग्राहीला अधिक जोमाने चिकटते. त्यामुळे सोयाबीनचा परिणाम म्हणजे इस्ट्रोजेनच्या गोळीचाच परिणाम, असे मानणे चुकीचे ठरते.

या साऱ्या प्रक्रियेत आतड्यांतील जिवाणूंची भूमिका मोठी आहे. सोयाबीनमधील आयसोफ्लेव्होन शर्करेशी जोडलेल्या स्वरूपात असतात. ही शर्करा सुटी झाल्यावरच ते रक्तात शोषले जातात. त्यानंतर काही व्यक्तींच्या आतड्यांत डेडझीनपासून इक्वॉल तयार होते, तर काहींच्या आतड्यांत होत नाही. पाश्चात्त्य देशांत साधारणतः चारांपैकी एका व्यक्तीत ही क्षमता आढळते. जपानमध्ये ती निम्म्याहून अधिक लोकांत असते. एकाच आहाराचा परिणाम दोन व्यक्तींवर वेगवेगळा का होतो, याचे हे एक कारण मानले जाते. जवसातील लिग्नानवरही जिवाणूंचीच प्रक्रिया व्हावी लागते. म्हणूनच प्रतिजैविके घेतल्यानंतर काही काळ या द्रव्यांचे रक्तातील प्रमाण घटते.

कोणत्या अन्नात किती?

डाळी आणि कडधान्ये यांतूनही सोयाबीनइतकेच वनस्पतिजन्य इस्ट्रोजेन मिळते, असा एक सार्वत्रिक समज आहे. वस्तुस्थिती तशी नाही. सोयाबीनच्या १०० ग्रॅम कोरड्या दाण्यांत सरासरी १५० मिलिग्रॅमच्या आसपास आयसोफ्लेव्होन असतात. हरभरा, तूर आणि मूग यांच्या तेवढ्याच दाण्यांत हे प्रमाण एक मिलिग्रॅमही भरत नाही. म्हणजे फरक शंभर पटींहून अधिक आहे.

याचा अर्थ वरण, उसळ किंवा पिठले यांचे महत्त्व कमी होते, असा मुळीच नाही. डाळींमधील तंतुमय पदार्थ, प्रथिने, फोलेट आणि रक्तातील साखर हळूहळू वाढू देण्याचा गुण यांमुळे त्या हृदयाला आणि मधुमेहींना हितकारक आहेत. फक्त त्या हिताचे श्रेय आयसोफ्लेव्होनला देता येत नाही.

सोयाबीनच्या पदार्थांतही मोठी तफावत असते. सोयाबीनपासून केलेल्या टोफूच्या १०० ग्रॅममध्ये २० ते ३० मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होन असतात. सोयादुधाच्या एका पेल्यातून साधारण तेवढेच मिळतात. सोयाबीनचे पीठ आणि सोयावडी यांत ते भरपूर असतात. मात्र अल्कोहोलने धुऊन तयार केलेल्या प्रथिनांतून त्यांचा मोठा भाग निघून जातो. सोयाबीनच्या तेलात तर आयसोफ्लेव्होन जवळजवळ नसतातच.

ही शेवटची बाब महाराष्ट्राच्या दृष्टीने लक्षणीय आहे. मध्य प्रदेशाच्या बरोबरीने महाराष्ट्र हे सोयाबीन पिकवणारे देशातील आघाडीचे राज्य. विदर्भ आणि मराठवाड्यातील लाखो शेतकऱ्यांचे खरिपाचे अर्थकारण या पिकावर अवलंबून आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने विकसित केलेले सोयाबीनचे वाण शेतकऱ्यांपर्यंत पोचले आहेत. परंतु या पिकाचा बहुतांश भाग तेलगिरण्यांत जातो. तेल आपल्या स्वयंपाकघरात येते आणि प्रथिने व आयसोफ्लेव्होन ज्या पेंडीत उरतात, ती मुख्यतः कोंबड्या आणि जनावरांच्या खाद्यासाठी वापरली जाते.

रजोनिवृत्तीचा काळ

भारतीय स्त्रियांमध्ये रजोनिवृत्ती साधारणतः ४६-४७ व्या वर्षी येते. पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा काही वर्षे आधीच. अंगातून एकाएकी गरम वाफा निघाल्यासारखे वाटणे, घाम फुटणे, झोप न लागणे ही या काळातील नेहमीची लक्षणे. त्यांवर संप्रेरकांचे उपचार प्रभावी ठरतात. परंतु जुलै २००२ मध्ये अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या अभ्यासातील इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन यांच्या एकत्रित उपचारांची चाचणी मध्येच थांबवण्यात आली. या उपचारांमुळे स्तनाचा कर्करोग, पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्या यांचा धोका वाढल्याचे दिसले होते. त्यानंतर ‘नैसर्गिक’ पर्याय म्हणून सोयाबीनच्या गोळ्यांकडे स्त्रिया वळल्या. पुढील विश्लेषणांतून साठीच्या आतील, नुकतीच रजोनिवृत्ती आलेल्या स्त्रियांमध्ये हा धोका अल्प असतो, हे स्पष्ट झाले. मात्र तोवर गोळ्यांची बाजारपेठ उभी राहिली होती.

या गोळ्यांचा उपयोग होतो का? २०१२ मध्ये अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात गरम वाफांची वारंवारता प्लासिबोच्या, म्हणजे औषधी द्रव्य नसलेल्या गोळीच्या तुलनेत सुमारे २० टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. २०१३ मधील कोक्रेन या संस्थेच्या आढाव्यात मात्र ठोस पुरावा मिळाला नाही. फक्त जेनिस्टीनचे प्रमाण अधिक असलेल्या अर्काबाबत पुढील अभ्यास व्हावा, असे सुचवण्यात आले. उत्तर अमेरिकेतील रजोनिवृत्तीतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या भूमिकेत या लक्षणांवरील उपचार म्हणून सोयाबीन, त्याचा अर्क किंवा इक्वॉल यांची शिफारस केलेली नाही. थोडक्यात, काही स्त्रियांना थोडा आराम पडू शकतो. परंतु तीव्र त्रास असलेल्या स्त्रीने केवळ सोयाबीनवर विसंबून वैद्यकीय सल्ला लांबवणे हिताचे नाही.

हृदय आणि हाडे

१९९५ मध्ये ३८ चाचण्यांच्या विश्लेषणावरून असे जाहीर झाले, की सोया प्रथिनांमुळे रक्तातील घातक कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, सुमारे १३ टक्क्यांनी घटते. त्याआधारे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्ये, रोज २५ ग्रॅम सोया प्रथिने हृदयविकाराचा धोका कमी करू शकतात, असा मजकूर वेष्टनावर छापण्यास अनुमती दिली. नंतरच्या चाचण्यांत हा आकडा टिकला नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००६ मध्ये घेतलेल्या आढाव्यात ही घट केवळ तीन टक्क्यांच्या आसपास भरली. २०१७ मध्ये त्याच प्रशासनाने वेष्टनावरील दाव्याची मान्यता मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला.

तरीही सोयाबीन हृदयासाठी निरुपयोगी ठरत नाही. तांबडे मांस किंवा स्निग्धांशयुक्त पदार्थांच्या जागी सोयाबीन आले, तर आहारातील संपृक्त मेद कमी होतो आणि तंतू वाढतात. हा लाभ संपूर्ण अन्नाचा आहे, त्यातील एका द्रव्याचा नव्हे.

हाडांच्या बाबतीत अपेक्षाभंग अधिक स्पष्ट आहे. अमेरिकेत २४८ स्त्रियांवर दोन वर्षे चाललेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज २०० मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होनच्या गोळ्या देऊनही हाडांची झीज थांबली नाही.

स्तनाचा कर्करोग : भीती आणि पुरावा

सर्वाधिक गोंधळ याच विषयावर आहे. स्तनाचे अनेक कर्करोग इस्ट्रोजेनवर पोसले जातात. त्यामुळे इस्ट्रोजेनसदृश द्रव्ये घातकच असणार, असा तर्क केला गेला. अंडाशय काढून टाकलेल्या उंदरांमध्ये जेनिस्टीनमुळे गाठी वाढल्याचे प्रयोगांत दिसल्यावर या भीतीला बळ मिळाले. परंतु उंदरांच्या शरीरात आयसोफ्लेव्होनवर होणारी प्रक्रिया माणसापेक्षा वेगळी असते आणि त्यांच्या रक्तात ही द्रव्ये मुक्त स्वरूपात कितीतरी अधिक राहतात.

प्रत्यक्ष स्त्रियांवरील अभ्यासांनी वेगळेच चित्र समोर आणले. चीनमधील शांघाय येथे स्तनाच्या कर्करोगावर उपचार झालेल्या ५,०४२ स्त्रियांची पाहणी करण्यात आली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, आहारात सर्वाधिक सोयाबीन असलेल्या स्त्रियांमध्ये सर्वांत कमी सोयाबीन खाणाऱ्या स्त्रियांच्या तुलनेत मृत्यूचे प्रमाण २९ टक्क्यांनी आणि रोग उलटण्याचे प्रमाण ३२ टक्क्यांनी कमी आढळले. २०१२ मध्ये अमेरिका आणि चीनमधील ९,५१४ स्त्रियांच्या एकत्रित माहितीवरून रोग उलटण्याबाबत याच दिशेचा निष्कर्ष निघाला. शांघायमधीलच आणखी एका पाहणीत किशोरवयापासून सोयाबीन खाणाऱ्या स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीपूर्वी होणाऱ्या स्तनाच्या कर्करोगाचा धोका कमी दिसला.

हे अभ्यास निरीक्षणात्मक आहेत. सोयाबीन खाणाऱ्या स्त्रियांच्या इतर सवयीही वेगळ्या असू शकतात. त्यामुळे सोयाबीन कर्करोग रोखते, असे त्यांवरून सिद्ध होत नाही. परंतु आहारातील सोयाबीनमुळे कर्करोग बळावतो, या भीतीला त्यांतून आधार मिळत नाही, एवढे निश्चित. अमेरिकन कॅन्सर सोसायटीसारख्या संस्थाही सोयाबीनचे पदार्थ सुरक्षित मानतात. अर्काच्या गोळ्यांना मात्र हे अभ्यास लागू होत नाहीत. त्या घेण्यापूर्वी अशा रुग्णांनी आपल्या कर्करोगतज्ज्ञांचा सल्ला घेणे अगत्याचे आहे.

गोळ्यांबाबत दक्षता का हवी, याचे एक उदाहरण इटलीतील चाचणीत मिळते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत रोज १५० मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होन पाच वर्षे घेणाऱ्या स्त्रियांपैकी ३.८ टक्के स्त्रियांच्या गर्भाशयाच्या अस्तराची अतिवाढ झाल्याचे आढळले. दुसरीकडे, युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये उपलब्ध पुरावा तपासून रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांमध्ये नेहमीच्या मात्रेत स्तन, गर्भाशय आणि थायरॉईड यांवर अपाय दिसत नसल्याचे म्हटले. तरीही मात्रा आणि कालावधी यांचे भान ठेवणे आवश्यक ठरते.

पुरुष, बालके आणि थायरॉईडचे रुग्ण

पुरुषांविषयीची भीती अनाठायी आहे. २०२१ मध्ये ४१ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात सोयाबीन किंवा आयसोफ्लेव्होनमुळे टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाची पातळी घटल्याचे दिसले नाही. २००८ मध्ये एका साठ वर्षांच्या पुरुषाच्या स्तनांची वाढ झाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आली होती. तो रोज जवळजवळ तीन लिटर सोयादूध पीत होता आणि ते बंद केल्यावर त्याची लक्षणे ओसरली. हा अतिरेकाचा परिणाम होता, आहाराचा नव्हे.

तान्ह्या बाळांच्या बाबतीत सोयाबीनवर आधारित दुधाची भुकटी बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय देऊ नये. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्ये तिचा वापर मोजक्याच कारणांसाठी योग्य ठरवला आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ती देऊ नये, असे सुचवले. थायरॉईडच्या गोळ्या घेणाऱ्यांनी सोयाबीन वर्ज्य करण्याचे कारण नाही. मात्र सोयाबीनमुळे या औषधाचे शोषण कमी होऊ शकते. म्हणून गोळी आणि सोयाबीनचा पदार्थ यांत काही तासांचे अंतर राखावे.

आहारात समावेश कसा करावा?

जपानी आहारात परंपरेने रोज साधारण २५ ते ५० मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होन असतात. सोयाबीनच्या एक-दोन मध्यम वाढण्यांतून एवढे सहज मिळतात. त्यासाठी गोळ्यांची आवश्यकता नाही.

सोयाबीन कच्चे खाऊ नये. प्रथिनांच्या पचनाला अडथळा आणणारी काही द्रव्ये त्यात असतात आणि ती उष्णतेने निष्क्रिय होतात. दाणे उकळत्या पाण्यात २०-२५ मिनिटे ठेवून, पूर्ण वाळवून मग दळून आणावेत. नऊ किलो गव्हाला एक किलो सोयाबीन या प्रमाणात केलेल्या पोळ्यांच्या चवीत फारसा फरक पडत नाही. सोयावडीची रस्साभाजी, टोफूची भुर्जी किंवा भिजवून कुकरमध्ये शिजवलेल्या सोयाबीनची उसळ हे सोपे पर्याय आहेत. शेंगदाणे किंवा सोयाबीन यांची ॲलर्जी असलेल्यांनी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

लिग्नानसाठी तर दूर जाण्याची आवश्यकताच नाही. जवसाची चटणी विदर्भ-मराठवाड्याच्या ताटात पूर्वापार आहे. अख्खे जवस बहुतांशी न पचताच बाहेर पडतात. ते भाजून, कुटून खाण्याची आपली पद्धत त्या दृष्टीने योग्यच आहे. तीळही त्याच उपयोगाचे.

वनस्पतिजन्य इस्ट्रोजेनची कथा पाहिली, तर दोन टोकाच्या अपेक्षा खोट्या ठरलेल्या दिसतात. ती संप्रेरकांची जागा घेणारे औषध ठरली नाहीत आणि कर्करोगाला निमंत्रण देणारे विषही ठरली नाहीत. त्यांचा लाभ असलाच, तर तो सौम्य आहे आणि वर्षानुवर्षे नियमित खाल्लेल्या अन्नातून मिळणारा आहे. रजोनिवृत्तीच्या त्रासाने हैराण झालेल्या स्त्रीने आपला प्रश्न डॉक्टरांपुढे मांडावा आणि कर्करोगातून उठलेल्या स्त्रीने घरच्यांसोबत सोयाबीनची पोळी निःशंक मनाने खावी, एवढे आजच्या पुराव्यांवरून निश्चितपणे म्हणता येते.